फायनल अंबरपेठलाच बघायची

मुक्काम अंबरपेठ (कायमचा पत्ता जामबागचाच), हैदराबाद
शनिवार, चार तारीख

चिरंजीव विकास यास,

भामा आजीचा आशीर्वाद. भामा म्हणजे तुझ्या बापाची आई. ओळख करून द्यावी लागते, कारण संक्रांतीपासून तुझं एक कार्ड नाही. सोलापूरच्या पाण्यात काही दोष असावा आणि घरच्यांची नावं तू विसरला असशील असं धरून चालते. तर तुझ्या बापाचं नाव हिम्मतराव, रेल्वेच्या सिकंदराबादच्या ऑफिसात असतो. आईचं नाव सुशीला. घर जामबागेत, फुलांच्या बाजारामागं. औषधाच्या कंपनीत तू डॉक्टरांपुढे पन्नास गोळ्यांची नावं न अडखळता म्हणून दाखवतोस असं ऐकते, तेव्हा ही तीन नावंही त्यातच कुठंतरी पाठ करून ठेव.

तू खुशाल असशील, खाणावळवाला भाजीत पाणी कमी घालत असेल, अशी आशा करते. माझं म्हणशील तर उजवा गुडघा धरतो आणि डावा त्याची बाजू घेतो. डोळे मात्र उत्तम. मोतीबिंदू काढल्यापासून बॉल स्टंपाबाहेर होता की नाही ते मला अंपायरच्या आधी दिसतं. मला लिहिता येत नाही, तुला मराठी धड वाचता येत नाही (इंग्रजी शाळेत तुझ्या बापानं घातलं, मी नक्को म्हणत होते), म्हणजे या पत्रातली खरी मेहनत तिसऱ्याच माणसाची. ते माणूस म्हणजे ज्योती. ती लहान मुलांना शाळेत शिकवते, त्यामुळे तुला वाचता येईल असंच मोठं अक्षर काढते आहे. ती कोण आणि मी तिच्या घरी पाय पसरून का बसले आहे, ते ओघात येईल. आत्ता लंच चालू आहे, पाऊण तास हाताशी आहे.

मुद्द्याचं आधी सांगते. माझं या घडीला देवाकडे एकच मागणं आहे. बारा तारखेची फायनल मला पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत, आणि घडते आहे त्याच वेळी, बघायला मिळावी. दुसऱ्या दिवशी पेपरातून कुणी वाचून दाखवलेली मॅच म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातलं जेवण कसं होतं ते ऐकणं. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, अशा फायनली आणखी किती वाट्याला येतात काय की.

आणि नेमकी मागच्या महिन्याच्या एक तारखेला तुझ्या बापानं घरची केबल कापली. केबलवाल्या पाशानं भाडं वाढवलं हे निमित्त. हिम्मत म्हणाला, पन्नास चॅनल येतात, बघायचं एक, बाकीच्या एकोणपन्नासांचे पैसे आपण का भरायचे? हिशोब चुकीचा नव्हता, म्हणून मीच पाशाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, बाबा, तेवढं खेळाचं एक ठेव, बाकीची परत ने. तो म्हणाला, "अम्मा, एकीच वायर में पूरे चॅनलां आते. उसमें से एकीच कैसा निकाल के देऊं?" मी म्हटलं, आमची भाजीवाली कोथिंबिरीची एक जुडी मागितली तर एकच देते, सगळी टोपली घ्या म्हणत नाही. "फिर भाजीवाली के पास जाओ अम्मा, मॅच दिखाती क्या पूछो." एवढं बोलून तो खांबावर चढला आणि वायर गुंडाळून खांद्याला अडकवून गेला. माझ्या हातचा चहा मात्र पिऊन गेला.

मग हिम्मतनं माळ्यावरचा जुना अँटेना काढून गच्चीवर बसवला. दूरदर्शनवर दिसतं की सगळं, म्हणाला. दिसलं. तुझी आई गच्चीवर अँटेना धरून उभी राहिली की खतं कशी टाकावीत ते दिसायचं आणि तिनं सोडून दिला की बातम्या दिसायच्या. या स्पर्धेच्या मॅच बाहेरच्या देशातल्या, त्या केबलवाल्यांनी विकत घेतलेल्या, त्यांचा दूरदर्शनला पत्ताच नाही. चार दिवस सुशीला गच्चीवरून विचारत होती, "आत्याबाई, आलं का?" आणि मी खालून खताचं माप सांगत होते. पाचव्या दिवशी तिनं अँटेना वाळवणाच्या काठीला बांधला आणि खाली उतरली. तिचं चुकलं नाही.

तुझा बाप मात्र या दिवसांत फार आनंदी होता. मला वाटलं, काटकसरीचं समाधान. एका संध्याकाळी ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला की तिसरा गडी पायचीत नव्हताच, बॉल बॅटीला लागला होता. पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, रेडिओत सेल नाहीत, मग बॅटीला लागलेलं याला दिसलं कुठून? त्याच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही आहे, विकास. काटकसर जामबागेत आणि मॅच सिकंदराबादला, अशी त्यानं वाटणी केली होती. (ज्योती विचारते, हे खरंच लिहू का? लिही. त्याला मुलाकडून कळू दे की आईला कळलं आहे.)

त्यावर मीही माझी सोय बघितली. कोठीच्या बाजारात टीव्हीचं एक मोठं नवं दुकान निघालं आहे. काचेमागं दहा-बारा टीव्ही रांगेनं, सगळ्यांवर एकच मॅच. आत थंडगार, बसायला गुबगुबीत खुर्ची. मी जरीकाठी लुगडं नेसून गेले आणि म्हटलं, मोठा रंगीत दाखवा, घाईत घेणार नाही, चित्र कसं राहतं ते बघून घेईन. विकणाऱ्या पोरानं मान डोलावली. पंचवीस ओव्हर मी चित्र कसं राहतं ते बघितलं. मध्ये त्यांनी लिंबाचं थंड दिलं, पंख्याचा भाव सांगितला, कपडे धुण्याचं यंत्र फिरवून दाखवलं. यंत्राच्या वेळी मी त्याला जरा बाजूला हो म्हटलं, कारण रनआऊट होत होता. डाव संपल्यावर म्हटलं, उद्या मुलाला घेऊन येते. पुढच्या मॅचला गेले तर त्यानं मला दारातूनच ओळखलं. "आव अम्मा, बैठो," असं फार प्रेमानं म्हणाला आणि एकामागून एक सगळ्या टीव्हींवर सिंह लावले. बारा टीव्हींवर बारा सिंह, एकच हरीण खात होते. मी तेही थोडा वेळ बघितलं, नाहीतर वाईट दिसलं असतं.

त्या हरणासमोर मला नामदेवराव भेटले. ते खरे गिऱ्हाईक. एकवीस इंची घेत होते आणि कुठला घ्यावा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, तो डावीकडचा घ्या, त्यावर हिरवळ हिरवी दिसते, बाकीच्यांवर पालकाच्या रसासारखी. मराठी ऐकून गृहस्थ वळले. मूळचे उदगीरकडचे, आपल्यातलेच, वडिलांच्या वेळी शेती सोडून इकडे आले, आता अंबरपेठला स्वतःचं घर, बियाण्यांचं दुकान. गाव, आडनाव, मामेकूळ ही चौकशी मी पुढच्या पाच मिनिटांत केली. पहिला प्रश्न मी विचारला तो केबल आहे का हा. आहे म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "काकू, तुमच्याकडे लग्नाचं कोणी आहे का? आमची मुलगी शिकलेली आहे." आता तूच सांग, रविवारी मॅच, घरात अँटेना काठीला बांधलेला, दुकानात सिंह, आणि समोर घरी केबल असलेला भला माणूस. मी म्हटलं, आहे की, नातू आहे, सोलापूरला असतो. ते म्हणाले, मग रविवारी या.

चिडू नकोस. यात एकही गोष्ट खोटी नव्हती. तू आहेस, सोलापूरला आहेस आणि लग्नाचा आहेस. फक्त तुला, तुझ्या बापाला आणि आईला सांगायचं राहिलं. सुशीलाला म्हटलं, अंबरपेठला गुडघ्याचा एक चांगला वैद्य आहे. ती बिचारी मला दर वेळी बसमध्ये बसवून देते आणि परत आल्यावर म्हणते, "आत्याबाई, गुडघा तर आणखीच सुजला." पन्नास ओव्हर मांडी घालून बसल्यावर दुसरं काय होणार. मी म्हणते, वैद्य म्हणाला आधी सुजतो, मग उतरतो.

पहिल्या रविवारचं सांगते. नव्या टीव्हीसमोर सतरंजी, नामदेवराव, त्यांची बायको आणि मी. त्यांनी तुझ्या पगाराचं विचारलं तेव्हा बोलर धावत येत होता, म्हणून मी चांगला आहे म्हटलं. उंचीचं विचारलं तेव्हा चौकार गेला, म्हणून त्यालाही चांगला म्हटलं. मग ज्योती चहाचा ट्रे घेऊन आली आणि नेमकी टीव्हीसमोर उभी राहिली. मी म्हटलं, बाळ, थोडं इकडे सरक. ती सरकली, वळून टीव्हीकडे बघितलं आणि ट्रे तसाच हातात धरून म्हणाली, "अय्यो, ही धाव नव्हती पळायची." तो गडी धावबाद झाला. ट्रे खाली ठेवून ती माझ्या शेजारी बसली आणि डाव संपेपर्यंत उठली नाही. तिच्या आईनं दोनदा खुणावलं. तिसऱ्यांदा मीच आईला खुणावलं. मला आकडे वाचता येत नाहीत हे तिनं न विचारता ओळखलं आणि दर ओव्हरला स्कोअर हळूच कानात सांगत राहिली, लोकांना ऐकू जाईल असा नाही. (थांबलीस का? लिही. मी काही तुझी स्तुती करत नाही, झालं ते सांगते.)

(विकासराव, आजी सांगतात तसं लिहिते आहे. ट्रे मी हातात धरून नव्हते, टीव्हीवर ठेवला होता. — ज्योती)

ठेवला असेल. माझं लक्ष धावबादकडे होतं.

तर तेव्हापासून ही माझी चौथी मॅच. नामदेवराव बियाण्यांच्या दुकानात सगळ्यांना सांगतात की मुलाकडची माणसं इतकी चौकस मी पाहिली नाहीत, आजीबाई स्वतः चार वेळा येऊन गेल्या, सकाळी येतात त्या दिवेलागणीलाच जातात. आज मात्र त्यांनी कोंडीत पकडलं. म्हणाले, "काकू, आता मुलाच्या वडिलांना भेटायला पाहिजे. रविवारी बारा तारखेला आम्ही जामबागेला येतो." बारा तारखेला, विकास. फायनल चालू, आणि मी केबल नसलेल्या घरात पाहुण्यांना पोहे वाढत बसलेली, आणि समोर तुझा बाप, ज्याला यातलं काडीचं माहीत नाही. गुडघा दुखतो म्हणून वेळ मारून नेली आणि पत्र लिहायचं आहे म्हणून ज्योतीला घेऊन आत बसले.

तर अशी इकडची हकीकत. बाकी सर्व ठीक. तुझी आई आठवण काढते, बाप काढत असेल. स्वेटर लागत नसेल तर परत पाठव. दुसरा डाव सुरू होतो आहे, म्हणून आटोपते.

तुझी आजी,
भामाबाई अप्पाराव (अंगठा सोबत लावला आहे, शाईचा डाग समजून खोडू नकोस)

ता. क. — नामदेवरावांना मी आत्ताच सांगून आले की मुलगा स्वतःच बारा तारखेला तुमच्या घरी येतो आहे, म्हणून तुम्ही जामबागेला यायचं कारण नाही. तेव्हा अकरा तारखेच्या रात्रीच्या गाडीत बस, सकाळी सिकंदराबादला उतर आणि घरी न जाता सरळ अंबरपेठला ये. पत्ता मागच्या बाजूला आहे. फायनल दिव्यांच्या उजेडातली आहे, म्हणून सकाळी नाही, दुपारी अडीचला. मुलगी बघायला शंभर ओव्हर लागतात असं मी या लोकांना पटवलं आहे, ते खोटं पाडू नकोस. फायनल झाल्यावर तुला हो म्हणायचं तर हो म्हण, नाही म्हणायचं तर नाही म्हण, मी मध्ये पडणार नाही.

ता. क. दुसरा, ज्योतीकडून — मीसुद्धा अजून कुणाला हो म्हटलेलं नाही. नोकरी सोडणार नाही, हे आधीच कळवते. आलात तर शेवटच्या दहा ओव्हरमध्ये प्रश्न विचारू नका.

ता. क. तिसरा — हा मी ज्योतीकडूनच लिहवून घेते आहे, आणि तिचा चेहरा मला दिसतो आहे. जामबागेच्या घरी केबल परत आली. सोमवारीच. ऑफिसातल्या साहेबानं कॅन्टीनमधला टीव्ही काढून टाकला, तर त्याच संध्याकाळी तुझ्या बापानं पाशाला स्वतः घरी आणलं, म्हणे आईची फार आबाळ होते. आता मॅच तिथं अगदी स्वच्छ दिसते, पंखाही आहे, उशीही आहे. पण स्कोअर विचारला की तुझा बाप म्हणतो, दिसतोय की समोर. म्हणून आज मी इथं आले, आणि फायनलही इथंच बघणार. लिही गं. पेन खाली ठेवू नकोस, अजून खाण्याचं राहिलं आहे.

येताना शेंगाची चटणी दोन ठिकाणी बांधून आण, एक तिखट आणि एक माझ्यासाठी. सोबत कडक भाकरी आण, पण ती सगळी नामदेवरावांना दे, त्यांचे दात शाबूत आहेत, आणि डबा घट्ट बंद कर, मागच्या वेळी सगळ्या स्वेटरला लसणाचा वास आला होता.