पंपाच्या खोलीतली प्रतिकारशक्ती

तीर्थस्वरूप भावोजींना साष्टांग नमस्कार. (पंपाच्या खोलीत साष्टांग घालण्याइतकी जागा सध्या आहे; ती का, ते पुढे येईलच.) तुमची सर्दी आणि ताईची कंबर कशी आहे? मी खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. एरवी माझ्याच इमारतीत, माझ्याच हुकमाने, मला कालपासून प्रवेशबंदी आहे आणि याला थोडेसे तुम्हीही जबाबदार आहात.

गेल्या खेपेला जेवताना तुम्ही मला शरीराची प्रतिकारशक्ती समजावून सांगितलीत. पहाऱ्यावरची पेशी घुसलेल्या जंतूला गिळते आणि त्याचा तुकडा अंगावर मिरवत आत जाते. आत एकेकच आकार ओळखणाऱ्या असंख्य पेशी बसलेल्या. तुकडा जिला जुळेल ती भराभर आपल्यासारख्या आणखी पेशी तयार करून हल्ला चढवते, आणि काहीजणी तो शत्रू पुढेही लक्षात ठेवतात. इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणून माझे डोळे उघडले. आमचा वॉचमन येईल त्याला सलाम ठोकायचा. मी लगेच योजना लागू केली: अनोळखी माणसाचा डावा बूट काढून घ्यायचा आणि वर कमिटीला दाखवायचा. कमिटीतल्या निवृत्त हेडमास्तरांनी फक्त विमा विकणारे ओळखायचे, तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी फक्त वर्गणी मागणारे. बूट ओळखला की घरच्यांना गोळा करून फाटकाकडे धावायचं, आणि तो चेहरा कायमचा लक्षात ठेवायचा.

सुरुवातीला फार छान चाललं. कुणीच आत येईना, पोस्टमनसुद्धा. मग सासूबाई आल्या. हेडमास्तरांनी त्यांची चप्पल उलटसुलट करून ती विमावाल्याची ठरवली (त्यांना दुसरं काही ओळखायचंच नव्हतं) आणि सासूबाई एका चपलेवर दुपारभर फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. हिने मला एवढंच विचारलं, की आपल्या माणसांवर धावणाऱ्या पेशी शरीर शिक्षणातच बाद करतं, हे भावोजींनी सांगितलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? भावोजी, मी हात धुवायला उठलो होतो.

त्यानंतर भरदिवसा एकजण वॉचमनसारखीच टोपी घालून आला. टोपी आपली, म्हणून माणूसही आपला. वॉचमनने त्याला पंप उचलायला हातभार लावला. इमारतीचे नळ कोरडे पडले, कमिटी माझ्या नावाने खडे फोडू लागली, आणि तोंड लपवायला मी मिशी काढून आलो. फाटकावर वॉचमन शांतपणे म्हणाला, "सेक्रेटरीसाहेबांना मिशी आहे. बूट काढा." बूट वर गेला. हेडमास्तरांनी विमावाला म्हणून निकाल दिला. तेव्हापासून मी फाटकाशेजारच्या, पंप गेल्याने रिकाम्या झालेल्या खोलीत मुक्कामाला आहे.

तुमचा मेहुणा (डाव्या पायात फक्त मोजा)

ता. क. तुम्ही येऊन कमिटीसमोर मला ओळखावं, एवढीच विनंती. जुने बूट घालून या.

पुन्हा ता. क. खरं सांगायचं तर ओळखण्याची अडचण नाही. वॉचमन सकाळी चहा देताना मला साहेबच म्हणाला. कमिटीने हिला या खोलीच्या खिडकीशी बोलावून विचारलं, हे तुमचेच का? शेजारी सासूबाई होत्या. हिने मला निवांत निरखलं आणि म्हणाली, "चेहरा ओळखीचा आहे. पण आत घ्यायची घाई नको." मला घरी जायचं आहे, भावोजी. ताईला आणाच. हिच्यापुढे आणि सासूबाईंपुढे काय बोलायचं, ते तिने मला आधी शिकवावं. या वेळी मी हात धुवायला उठणार नाही.