फ्लो चार्टातला पहिला प्रश्न

भोर, बुधवार

प्रिय नूतन,

अनेक आशीर्वाद (धाकटी आहेस म्हणून, शहाणी आहेस म्हणून नव्हे). गुडघा कसा आहे? माझी प्रकृती ठीक आहे, फक्त तुझ्या लेकीने माझी झोप उडवली आहे, आणि हे मी अलंकारिक लिहीत नाही.

निवृत्तीनंतर मी हातसडीच्या तांदळाचा धंदा काढला, तुला ठाऊकच आहे. गुंजवण्याकडच्या बायका भात सडतात, तांदूळ निवडतात, पोती मी तपासते, आणि मी हो म्हटल्याशिवाय आनंदरावांचा टेम्पो पुण्याला हलत नाही. (असं मी समजत होते.) शेफाली म्हणाली, मावशी, धंदा समजून घ्यायचा तर फ्लो चार्ट काढायला हवा. म्हटलं काढ. मधोमध माझा चौकोन येईल आणि सगळे बाण तिकडे वळतील, याबद्दल मला शंका नव्हती. पाचगणीच्या नन्सनी आम्हाला देवाला भ्यायला शिकवलं, चौकोनांना नाही. ते राहूनच गेलं.

तिने एकेकीला विचारलं, आधी काय करता, मग काय करता. धोंडाबाईंनी (ज्यांच्या लेकीच्या लग्नात मी जातीने वाढायला उभी होते) बेधडक सांगितलं, "आदी बाई झोपल्या का बगायचं. झोपल्या आसल्या तर रत्नाला इचारायचं. जाग्या आसल्या तर झोपंस्तवर दम धरायचा."

शेफालीने तसंच काढलं. पहिल्याच चौकटीत प्रश्न: बाई झोपल्या आहेत का? 'हो'चा बाण रत्नाकडून (निवडणाऱ्या बायकांतलीच एक) थेट टेम्पोत. 'नाही'चा बाण फिरून पुन्हा त्याच प्रश्नावर. कापूरहोळच्या फाट्यावर भोरकडे न वळता गाड्या सरळ साताऱ्याला जातात, तसा माझा तांदूळ मला टाळून जातो, नूतन. तेव्हापासून मी दुपारी पापणी मिटत नाही. पोती साचली आहेत. बायका दारातून माझ्याकडे फार मायेने बघतात, आणि त्या मायेची मला धास्ती बसली आहे.

शनिवारी तो कागद सगळ्यांसमोर भिंतीवर लागणार. मग बाई हव्यात कशाला, असं कुणीतरी विचारणारच.

तुझी,
कुमुदताई

ता. क. शेफालीला एवढंच सांग की पहिला प्रश्न बदल. 'बाई विचारात आहेत का?' असं लिही. बाण तेच राहू देत.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होते तोवर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. सगळी पोती गेली. आनंदरावांनी जाताना मला हातही केला. मी टक्क जागी होते, नूतन. तेव्हा तो प्रश्न आता खोडूनच टाकायला सांग. आणि तांदूळ निवडायला बसणाऱ्यांत एकीची जागा असेल, तर तिथे माझं नाव घालायला सांग. खडे मला अजून दिसतात.