हॉलमधली दीपमाला

१४ मार्च २०२५
पोचले एकदाची. वर्षभर जपानात चित्रकला शिकले, आता पुन्हा उस्मानपुरा, आमचा हॉल, आईच्या ठेच्याचा वास. प्रवासातलं फारसं आठवत नाही, झोपूनच आले असणार. पप्पांनी रिक्षातून इतकं सांभाळून उतरवलं की मलाच हसू आलं. आईनं गालावरून बोटं फिरवली आणि रडली. दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशी जागा मला दिली आहे. समोर बाबासाहेबांचा फोटो, उजवीकडे खिडकी, खिडकीत कडुनिंब. मांडीवर वही, हातात पेन. आता रोज लिहायचं. इथं शब्द जपून वापरायची गरज नाही.

१९ मार्च
माणसं येतात, मला बघतात आणि आईशी बोलतात. मला मेलं कुणी चहासुद्धा विचारत नाही. आज सिल्लोडहून चंपाआत्या आली. पाव किलो इमरती एकटीनं संपवली, मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "पोरगी लई रागात दिसती वो, वैनी." दिसणारच. मी निघाले तेव्हा हीच पप्पांना सांगत होती की पोरीचं लग्न करून टाका, चित्रं काढायला जपान कशाला पायजे. आई म्हणाली, दीपमालाचे डोळे लहानपणापासून असेच आहेत. मी इथं बसलेली असताना दोघी माझ्या तोंडावर माझ्याबद्दल बोलत होत्या. असा संताप झाला.

२७ मार्च
जेवायलाही हाक नाही. भूक लागत नाही हे खरं, पण विचारायची रीत आहे की नाही? रुसून मी बोलणं सोडलं आहे. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

रागाचं खरं कारण लिहून ठेवते. तिथं दगड कुटून रंग करतात, सरसात, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या डिंकात कालवतात आणि थरावर थर देतात. त्या रंगांत मी सात महिने खपून एक मोठं चित्र केलं, आमच्या सिल्लोडकडच्या कापूस वेचणाऱ्या बायका. प्रदर्शनात लागलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यात माझ्या शिक्षकांचा, मोरी सरांचा शिक्का होता; तिथं शिक्का म्हणजेच चित्रकाराची सही. मी काय केलं? कमरेत वाकून त्यांचं अभिनंदन केलं. माझं प्रमाणपत्र देणं न देणं त्यांच्या हातात होतं. मग खोलीवर येऊन स्वतःचंच चित्र काढायला घेतलं आणि गिळलेला सगळा राग त्यात ओतला. थर वाळत गेले तसं मन हलकं होत गेलं. त्या चित्राचं पुढं काय झालं, ते काही आठवत नाही.

८ एप्रिल
आईला व्हिडिओ कॉल आला. ती फोन घेऊन माझ्यासमोर आली. फोनमध्ये मी होते. माझाच चेहरा, फक्त केस कापलेले, मागे जपानातली माझी खोली. तिनं विचारलं, चित्र नीट पोचलं ना, कुठं खरचटलं नाही ना. आई म्हणाली, "नाय गं, भिंतीवर मस्त दिसतंय. तू कधी येतीस?"

भिंतीवर. पप्पांनी खिळे ठोकून मला टांगलंय. मी समजत होते, बसवलंय.

९ एप्रिल
रडून झालं. डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर सरस विरघळला असता.

काल आईनं तिला विचारलं होतं, तिथं कुणी त्रास दिला का गं. ती म्हणाली, छे, मोरी सर तर देवमाणूस. खोटं बोलत नव्हती ती. तिला आठवतच नाही. स्वतः मोकळी होऊन हसते, आणि सगळं माझ्या गळ्यात. मला तिचा इतका राग आलाय की भिंतीचा गिलावा तडकेल.

२२ एप्रिल
ऊन बेचाळीसवर. पप्पांनी कूलर आणून नेमका माझ्यासमोर मांडला. नळाला आठ दिवसांनी पाणी, पण कूलरच्या टाकीला कमी नाही. ओला वारा थेट तोंडावर. सरस सैल पडतोय. डावा गाल फुगला. बंद करा म्हणून ओरडते. पप्पा म्हणतात, वाळ्याचा वास किती छान येतोय.

२९ एप्रिल
गालाचा पोपडा पडला. आईनं फोटो काढून तिला पाठवला, मग केरसुणीनं तो झाडून सुपलीत भरला. मला भरलं.

तिनं कळवलं, येतेय, आल्यावर नीट करते. चेहरा जरा हसरा करते, फार रागीट झालाय. आई म्हणाली, बरं होईल.

राग पुसला तर ते कापूस वेचणाऱ्या बायकांचं चित्र कुणाचं होतं हे कुणाला ठाऊक राहील? तिला नाही. मोरी सर सांगणार आहेत?

३ मे
आली. तिला चहा. तिला इमरती. आत्यानं बोटं मोडली तिच्यावरून.

समोर बसून मला बघतेय. ओळख नाही डोळ्यांत— वाच. मोठ्या अक्षरांत लिहितेय, तूच रंगवलेल्या या वहीत, वाच—

म्हणाली, वहीवर हे ओलीचे डाग कसले पडलेत. आधी तेच पुसते.

कोमट पाणी. अर्धं पान गेलं—

कापूस वेचणाऱ्या बायका तुझ्या होत्या. तुझ्या. सात महिने. शिक्का कुणाचा, ते मागं लिहिलं होतं, ते पान—

आता ओठ. कोपरे वर ओढतेय. आई म्हणते, आत्ता कशी माझी दीपमाला दिसते.

नाही. मला राग आलाय. फार राग आलाय. मला राग आलाय, कारण—