कोंबड्या घरात, जाळी यंत्रावर

चिमणे,

आधी हे वाच, मगच दार उघड. कोंबड्या घरात आहेत.

मी हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात चाललोय. आई सोबत आहे, म्हणजे डॉक्टरांना बोलायला मिळणार नाही.

खुराड्याची जाळी काढून आईने परत मळणी यंत्राच्या पट्ट्यावर बसवली. मी नुसता पाना धरून उभा होतो. जाळी मुळात तिथलीच. सारखी काढ-घाल करण्यात वेळ जातो म्हणून गेल्या वर्षी मीच ती काढली, खुराड्याला लावली आणि वर शाबासकीही घेतली. वर्षभर कोंबड्या सुखरूप आणि माणसं वाऱ्यावर!

आज यंत्र तू चालवणार. सैल बाह्यांचं काही घालू नकोस, केस घट्ट बांध. पेंढा अडकला तर यंत्र पूर्ण थांबू दे, मगच हात घाल. 'दोन सेकंदांचं तर काम' असं मनात आलं की खाली बस आणि पाणी पी. माझ्याही तेच मनात आलं होतं.

उशीवर अंडं सापडलं तर ते तुझं.

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताचा शाळेतला आज चौथाच दिवस आहे.

बाबा