पाकोळीचं शेवटचं पिल्लू

कुबात,

गावातून आलास की तंबू उतरव. ट्रकवाल्याला मी निरोप धाडलाय. छताच्या कांबीला पाकोळीचं घरटं असताना तंबू हलवत नाहीत, हे तुझ्या आजोबांनीही पाळलं. पण तू म्हणालास, "तुला पाखरू कुठलं, मला अडवायला निमित्त पाहिजे." ते फार लागलं मला.

शेवटचं पिल्लू उडतच नव्हतं. काल पाकोळी किडा घेऊन आली, पण घरट्याकडे न जाता बाहेरच्या दोरावर बसली. हे आपलं चोच वासून ओरडतंय आणि ती ढिम्म. इकडे माझं दूध उतू गेलं, तरी मी बघतच राहिले. शेवटी पिल्लू धडपडत दोरावर गेलं, तेव्हा कुठे तिनं भरवलं. आज सकाळपासून घरटं रिकामं आहे.

मी वरच्या ओढ्याकडे दुभत्या घोड्यांची धार काढायला जातेय. तंबू उतरताना मला बघवणार नाही. कढईत मांस आहे, जेवून निघ. मॉस्कोत थंडी फार, लोकरीचे मोजे घे.

तुझा पासपोर्ट हरवला नव्हता. पिठाच्या पेटीत, तळाशी आहे.

आई