परतल्यानंतरचे अठ्ठावीस दिवस

९ मे, दुपार

ताई,

“घराची कडी वाजवली की प्रवास संपला,” असं भावजी एकदा म्हणाले होते, आठवतं? बूटही काढले नव्हते त्यांनी, बॅग पायानेच आत सरकवत होते. हल्ली ते वाक्य मला फार ऐकू येतं.

तुझा गुडघा कसा आहे? पट्टा बांधतेस, की कपाटाला बांधून ठेवलायस? माझं नेहमीचंच. परदेशी जाणाऱ्यांना लस टोचायची आमची ही खोली तू पाहिली आहेस. एक खिडकी, लसींचा फ्रीज, भिंतीवर जगाचा नकाशा. दुपारी कुणी नसलं की फ्रीज गुणगुणत राहतो, वाऱ्याने नकाशा फुगतो, आणि सगळे समुद्र आता भिंतीवरून खाली उतरतील असं वाटतं. वीस वर्षं मी लोकांचे दंड बघतेय. कोण भेटायला निघालंय आणि कोण कायमचं, ते न विचारता कळतं. मी मात्र कुठेच गेले नाही.

तू लेकाकडे निघालीस, तेही भावजी कामासाठी गेले होते त्याच देशात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. “मावशी, आईला यादी करून दे, ती माझं ऐकत नाही,” म्हणाला. यादी सोबत आहे. पण चष्मा सापडत नाही म्हणून तू ती वाचणार नाहीस, तेव्हा इथेही सांगते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. पासपोर्टची एक झेरॉक्स बॅगेत, एक लेकाकडे. पाणी उकळलेलंच, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी बर्फ नको. दिवस मावळताना लांब बाह्या घाल. तू म्हणशील, भरली हिची शाळा.

हिवतापाच्या गोळ्यांचं सांगायचं राहिलं. मघाशी उठून फ्रीजचं तापमान वहीत लिहून आले. ते सकाळीच लिहिलेलं होतं.

त्या गोळ्या तिथे असेपर्यंत घ्यायच्याच, पण घरी परतल्यावरही अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. माणूस घरी पोचलेला असतो, त्याचं रक्त अजून वाटेत असतं. हे मी दिवसातून वीसदा सांगते.

सात वर्षं तू सगळ्यांना सांगतेस, “ह्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही, गोळ्या मध्येच सोडल्या.” ताई, त्यांनी ऐकलं होतं. माझं. परत आल्यावर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “सुईबाई, या गोळ्यांनी पोटात नुसतं ढवळतंय. आता आलोय घरी, बंद करू का?” माझ्यासमोर कुणाचा तरी दंड होता, फोन खांद्याने कानाशी दाबलेला. मी म्हणाले, “सुखरूप आलात ना? मग करा बंद.” मेहुणी बोलली, नर्स बोललीच नाही. संध्याकाळी फोन करून नीट सांगू म्हटलं. राहून गेलं.

परतल्यापासून अठराव्या दिवशी त्यांना ताप चढला. पुढच्या पाच दिवसांत सगळं संपलं. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, “हट्टी होते गं.” मी मान हलवली. ती अजून हलतेच आहे.

कधीकधी ते स्वप्नात इथे रांगेत येतात. खोलीत घोट्यापर्यंत कोमट पाणी असतं, नकाशातून झिरपलेलं. ते बाही वर करतात. निघालेत की परत आलेत, ते सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला हवी, म्हणजे तुला वीस तारखेच्या आत. स्टेशनजवळ दुसरं केंद्र आहे. तिथल्या नर्सचा हात हलका आहे, तिला तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, पत्ता यादीच्या मागे आहे. तिकडे गेलीस तर मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. फक्त गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडू नकोस. मी सांगितलं तरी.

मंगळवारी दुपारी मी इथे एकटी असते. तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. तरी विचारते. तुझ्या दंडाला ती सुई मला टोचू देशील?

धाकटी