गालाला लावलेला सरस

२ फेब्रुवारी १९७६
शेवटी सायन्सच मदतीला आलं! वाचनालयात इंग्रजी मासिक वाचलं. व्रण भरून यायला कोलॅजन लागतं. ते जनावरांच्या हाडांत, कातड्यात असतं. बाकीचा लेख अवघड होता, पण मुद्दा कळला. रविवारी कोडोलीला मुलगी बघायला जायचंय. तोवर डाव्या गालावरचा व्रण गायब करणार. लोकांना सांगतो, कुस्तीत लागलं. खरं तर लहानपणी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलतो, म्हशीनं मान झटकली. तीही एक प्रकारची झुंजच.

३ फेब्रुवारी
शेजारच्या खैरुनबी चाचींकडून बकऱ्याच्या पायांचा रस्सा आणला. आई खवळली. मंगळवारी, देवीच्या वारी मटणाचं भांडं घरात आणलंस व्हय रं मुडद्या, म्हणाली. परड्यात बसून प्यालो. सायन्सला वार नसतो.

४ फेब्रुवारी
पोट बिघडलं. गाल जसाच्या तसा. लेखाची चूक नाही. पोटापासून गालापर्यंत रस्ता लांब आहे. डायरेक्ट लावलं पाहिजे.

५ फेब्रुवारी
सुतार लाकूड चिकटवतात तो सरस कशाचा? हाडं-कातडी उकळूनच काढलेला! म्हणजे शुद्ध कोलॅजन. हे मासिकवाल्यांनाही सुचलं नाही. मंगळवार पेठेत लालासाब सुताराकडं गेलो. काय मोडलंय, म्हणून त्यानं विचारलं. पर्सनल आहे म्हटलं. त्यानं पुडी बांधून दिली.

७ फेब्रुवारी
ट्रायल घेतली. वास भयंकर. गुलाबपाणी घातलं, तर आता गुलाबालाही तोच वास. पण गाल ओढल्यासारखा वाटतो. प्रगती!

८ फेब्रुवारी, सकाळी
जाड थर दिला. वर पावडर. आरशात व्रण शोधून सापडेना! तोंड निम्मंच उघडतं. उलट भारदस्त दिसतो.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी
कार्यक्रम फर्स्टक्लास. मुलीचं नाव हौसा. रिस्क नको म्हणून उजवा गाल पुढं करून खिडकीकडं बघत बसलो. पोहे चावता येईनात, ठेवून दिले. पावणं, पोहं का ठेवलं, असं तिच्या वडलांनी विचारलं. मला "उपास" एवढंच म्हणता आलं. चहा देताना ती म्हणाली, गरम हाय, सावकाश घ्या. एवढंच. पण एस.टी.त कोल्हापूरपर्यंत तोच आवाज कानात. आवडली मला. लग्न करीन तर हिच्याशीच.

१० फेब्रुवारी
गरम पाण्यानं सरस निघाला. सोबत कातडंही. व्रण जागेवर आहे, शेजार वाढला. आईनं हळद लावली आणि शिव्या दिल्या. कोडोलीहून निरोप नाही. होकार द्यायला घाई कोण करतं?

२१ फेब्रुवारी
स्थळ आणणारे गणपतमामा आले. नकार. कोडोलीकरांचं म्हणणं, पोरगं बदललं! मामांनी सांगितलं होतं गालावर व्रण हाय म्हणून, आणि आला तो सफाचट गालाचा, अन्नाला न शिवणारा घुम्या. फसवाफसवी हाय सगळी.
म्हणजे प्रयोग यशस्वी! मी तसं बोललोही.
मामांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अरं येड्या, ल्हानपणी चुलीवर पडून हौसाच्या गालावर भाजल्याचा केवढा डाग हाय. व्रण असलेला हाय म्हणूनच तिनं तुला बोलवायला लावलंतं. बघितलं न्हाईस व्हय तू?
आत्ताच्या आत्ता कोडोलीला जाऊन गाल दाखवतो म्हटलं. मामा म्हणाले, बस खाली. परवाच दुसरीकडं सुपारी फुटली तिची.
डाग कुठल्या गालावर होता, तेही मला सांगता येत नाही. खिडकीबाहेरचं गुऱ्हाळ मात्र चांगलं होतं.